भाडोत्री तबला

आमच्या घरातला तबला भाड्याचा आहे. तो आईच्या मोबाईलमध्ये राहतो आणि भाडं थकलं की वाजायचा थांबतो. तानपुराही भाड्याचाच, पण तो बिचारा स्वभावाने गरीब. हळूहळू बारीक होत जातो. तबल्याचं तसं नाही. तो ऐन समेच्या तोंडावर थांबतो!

पूर्वी असं नव्हतं. आईकडे तानपुरा आणि तबला दोन्ही वाजवणारी एक इलेक्ट्रॉनिक पेटी होती. जेवणाच्या डब्याएवढी, बटणं झिजून गुळगुळीत झालेली. बाबांनी एकदा पैसे मोजून आणली, त्यानंतर तिने कोणाकडे कधी काही मागितलं नाही. आई आमच्या नाशिकरोडच्या महिला भजनी मंडळात गाते. गाते म्हणजे कोरसमध्ये, दुसऱ्या ओळीत, झांजा वाजवणाऱ्या बाईंच्या बरोब्बर मागे. घरी मात्र ती संध्याकाळी पेटी लावून एकटी गायची आणि पेटी मुकाट्याने साथ करायची.

मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. नीट चालू असलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. एका दिवाळीत माझ्या मनाने घेतलं, की या जमान्यात माझ्या आईने ही डबडी का वापरावी? मोबाईलवर अ‍ॅप मिळतं! त्यात सगळे ठेके, सगळ्या पट्ट्या, लय बोटाने कमीजास्त. 'एकदाच पैसे भरा, आजीवन वापरा' असं त्यावर ठसठशीत लिहिलेलं. मी भरले. आणि घरात अडगळ नको म्हणून पेटी त्र्यंबकला मामेबहिणीकडे देऊन टाकली. (ती तिथे अजून वाजते. मामेबहीण फोन केला की आवर्जून सांगते.)

पुढच्या दिवाळीपर्यंत बरं चाललं. मग एक दिवस अ‍ॅप आपणहून अद्ययावत झालं आणि आईला म्हणालं, पैसे भरा. मी कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं, की आमचं आजीवन आहे आणि आई ठणठणीत आहे! उत्तर आलं, की आजीवन म्हणजे त्या जुन्या आवृत्तीचं जीवन. ती आवृत्ती आता बंद झाली आहे. थोडक्यात, आमचं अ‍ॅप वारलं होतं आणि सुतकात आम्ही होतो.

आता योजना आल्या. फुकटात काय, तर पांढरी एक पट्टी आणि तीनताल, तोही थोडा वेळ, मग जाहिरात. भजनी ठेका 'रजत' योजनेत. आईची पट्टी काळी पाच, ती 'सुवर्ण' योजनेत. अभंग काळी पाचमध्ये भजनी ठेक्यावर गायचा असेल, तर सरळ 'हीरक'!

"म्हणजे माझ्याच गळ्याचे पैसे मागतायत का रे ते?" आईने विचारलं.

"गळ्याचे नाही गं, पट्टीचे."

"पट्टी काय त्यांनी दिली मला?"

माझी बायको वैशाली व्यवहारी आहे. ती म्हणाली, "आई, पांढरी एकमध्ये गाऊन बघा ना. थोडंसंच तर वर आहे." आईने बघितलं. वरचा सा लावला की मागच्या गल्लीतलं कुत्रं उत्तर द्यायला लागलं. शेवटी 'हीरक' घ्यायचं ठरलं, दर महिन्याचं. माझ्या कार्डाने परदेशी कंपनीला पैसे द्यायला नकार दिला. वैशालीच्या कार्डाने आधी होकार देऊन मग नकार दिला. बाबांच्या पेन्शनच्या कार्डाने मात्र एका झटक्यात दिले, आणि तेच कायमचं जोडलं गेलं. हे मी बाबांना त्याच वेळी सांगितलंही होतं. पण ते तेव्हा क्रिकेट बघत होते आणि "हं" म्हणाले होते, आणि त्या "हं"चा अर्थ मी होकार असा घेतला.

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले. रोज जाताना झडती, येताना झडती. आत काय चालतं हे त्यांनी घरात कधी चकार शब्दाने सांगितलं नाही. डब्यातली भाजी कशी झाली होती असं आईने विचारलं, तरी आधी इकडेतिकडे बघायचे आणि मग "ठीक" म्हणायचे. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे गुप्त ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि त्यामुळे ते जरा खचलेच होते.

अशा माणसाला मी ओटीपीवर व्याख्यान दिलं! झालं असं, की शेजारच्या इमारतीत एकांना फोनवरून गंडवलं. मी घाबरलो. बाबांना समोर बसवलं आणि बजावलं, "ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. बँकेतून बोलतोय म्हणाला, नाही. पोलीस म्हणाला, नाही. माझा आवाज काढून कोणी बोललं तरी नाही! हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करतात. आणि अनोळखी कंपनी पैसे कापते असं दिसलं, तर तडक बँकेत जाऊन बंद करायचं."

बाबांचा चेहरा उजळला. बऱ्याच वर्षांनी त्यांना कोणीतरी कामावर घेतलं होतं.

इकडे अ‍ॅपची नाटकं चालूच होती. कधी पासवर्ड मागायचं, कधी 'आपण नक्की आपणच आहात का' असं विचारायचं, कधी 'हे यंत्र ओळखीचं नाही' म्हणायचं. दर महिन्याला एकदा तरी आई हाक मारायची, "सुनील, हे बघ रे काय म्हणतंय." मग मी तिच्या पलंगावर बसून चष्मा वरखाली करत पासवर्ड आठवायचो, ती चहा करून आणायची, आणि चहा संपेपर्यंत तबला वाजायला लागायचा.

मग आली दिवाळी आणि आमच्या कॉलनीची पाडवा पहाट. देवरे काका आमचे सेक्रेटरी. मूळचे सटाण्याकडचे, तोंडाने गोड आणि कामाला वाघ. गडबड झाली की मात्र त्यांच्या तोंडून अहिराणी बाहेर पडते. त्यांनी पुण्याच्या एक गायिका ठरवल्या होत्या. त्या वादकांना घेऊन येणार होत्या, पण जरा उशिरा. तोवर कॉलनीतल्या कोणीतरी एक अभंग गाऊन सुरुवात करावी असं ठरलं, आणि देवरे काका थेट आमच्या आईकडे आले.

आई आधी नाही म्हणाली. मग देवरे काका गेल्यावर मला म्हणाली, "सुनील, एकदा तरी एकटीने गायचंय रे. मागच्या ओळीतून आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. गेली इतकी वर्षं मला झांजाच ऐकू येतात."

आई सत्तरी ओलांडलेली. ती असं काही मागत नाही. तिने माझ्याकडे आयुष्यात काय मागितलं, तर गच्चीवरची टाकी भरली की मोटर बंद कर, एवढंच. मला गलबलून आलं. "गा ना आई! दणक्यात गा!"

"तबल्याला कोणी माणूस मिळेल का बघ."

"माणूस कशाला? मी आहे ना!" मी म्हणालो. (पुढे जे घडलं त्याची सगळी मुळं या वाक्यात आहेत.)

पाडव्याच्या पहाटे कॉलनीच्या बागेत सतरंज्या अंथरलेल्या, पणत्या लावलेल्या, थंडी चांगलीच. बायका नऊवारीवर स्वेटर घालून आलेल्या आणि पुरुष मंडळी कानटोप्यांवर अत्तर लावून. बाबा पहिल्या रांगेत मधोमध, कडक इस्त्रीच्या झब्ब्यात. वैशाली स्टेजच्या कडेला पाण्याची बाटली घेऊन उभी. मी माझा मोबाईल (अ‍ॅप त्यातही घालून ठेवलं होतं) स्टेजवरच्या छोट्या टेबलावर ठेवून मोठ्या स्पीकरला जोडला आणि तबला जरासा वाजवून बघितला. धाऽ! सगळी बाग घुमली. देवरे काकांनी मला अंगठा दाखवला. पडद्यावर एक पिवळी पट्टी येऊन गेली, त्यात काहीतरी 'पूर्वपरीक्षण' असं लिहिलेलं होतं. मी ती बोटाने बाजूला सारली. मेंटेनन्सचा माणूस, पिवळ्या दिव्याला भीत नाही!

आई बसली. तिने डोळे मिटले आणि सूर लावला. लोक गप्प झाले. पहिला चरण झाला, पुढच्या रांगेतून "वा!" आलं. दुसरा चरण रंगात आला, आई समेवर यायला निघाली आणि तबला थांबला.

तबला थांबला आणि त्याच स्पीकरमधून, त्याच दणदणीत आवाजात, एक पुरुष बोलायला लागला.

"क्या आपके घुटनों में दर्द रहता है?"

निम्म्या बागेने मान डोलावली. मागून एक आजोबा चक्क "हो" म्हणाले.

"सीढ़ियाँ चढ़ने में तकलीफ? आज ही मँगवाइए..."

आईने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. ती रागावली असती तर परवडलं असतं. तिच्या रागाची मला सवय आहे. पण ती घाबरली होती. एवढ्या लोकांसमोर एकटी बसलेली माझी आई घाबरून माझ्याकडे बघत होती, आणि स्पीकर तिला तेलाने मालिश कशी करायची ते सांगत होता.

मी वाकून स्टेजवर धावलो. मोबाईलवर लिहिलं होतं, 'आपली योजना काल संपली. फुकट पूर्वपरीक्षणाचा वेळही संपला.' संपली? पैसे तर आपोआप कापले जातात! नूतनीकरण दाबलं, तर महिन्याची योजनाच गायब. आता फक्त वर्षाची, सगळे पैसे एकदम. आई अजून माझ्याकडेच बघत होती. मी दाबलं. 'आपल्या नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे.'

नोंदणीकृत मोबाईल बाबांचा!

मी स्टेजवरून उडी मारली आणि वैशालीच्या हातातला फोन हिसकावून बाबांना लावला. बाबांची रिंगटोन म्हणजे जुन्या काळ्या टेलिफोनची घंटा, पूर्ण आवाजात. गुडघ्याची जाहिरात नुकतीच संपली होती, त्यामुळे घंटा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आली.

"हॅलो! कोण?"

"बाबा, मी सुनील. तुमच्या फोनवर ओटीपी आलाय, पटकन सांगा."

बाबांनी फोन कानापासून लांब धरून पडद्यावरचं नाव वाचलं. मग खणखणीत आवाजात, "फोनवर वैशालीचं नाव आणि आवाज पुरुषाचा?"

"बाबा, मीच आहे! खरंच सुनील!"

"सगळे असंच म्हणतात!" असं म्हणून त्यांनी फोन कापला. शेजारच्या गृहस्थांना सांगताना मी त्यांना लांबून बघितलं. नंतर कळलं, ते म्हणत होते, "आत्ता एकाला धरला. काय नक्कल करतात हो! हुबेहूब आमचा सुन्या!"

देवरे काका माझ्यापाशी धावत आले. "भाऊ, आते काय करानं? पुण्याच्या मॅडम गेटपाशी येईल ऱ्हायन्यात!"

"दोन मिनिटं द्या काका."

"तुमच्या आईंना उठवू का? उगाच शोभा नको."

"उठवू नका!" मी ओरडलोच. तिला असं अर्ध्यातून उठवलं असतं, तर ती परत जन्मात एकटी गायला बसली नसती. मी खाली बसलो आणि पहिल्या रांगेसमोरून रांगायला लागलो. (वाकून चालता आलं असतं. पण तेव्हा डोक्यात आलं नाही.) वाटेत माझी कोपरं तीन लोकांच्या चपलांत अडकली आणि एका पणतीने माझ्या बाहीला हलकासा चटका दिला. मागे स्टेजवर आई पुन्हा गायला लागली होती बहुतेक. काहीतरी ऐकू येत होतं. पण माझं लक्ष कुठे होतं? ओटीपीची मुदत संपत आली होती!

"बाबा!"

बाबांनी खाली बघितलं. "अरे! तू खाली काय करतोस? हे बघ, आत्ता तुझ्या आवाजात..."

"तो मीच होतो! ओटीपी सांगा!"

बाबांनी मोबाईल झब्ब्याच्या आतल्या खिशात सरकवला आणि वर हात ठेवला. "नाही."

"अहो, मी समोर आहे! मी दिसतोय ना तुम्हाला?"

"तू सुनील आहेस हे मला दिसतंय रे. पण ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, असं तूच सांगितलंस. 'कोणालाही'मध्ये तू येतोस की नाही?"

"मी नाही येत!"

"प्रेसमध्ये साहेबांचा मुलगा आला तरी गेटवर झडती व्हायची."

"बाबा, आईचा तबला बंद पडलाय! पैसे आपोआप कापले जायला हवे होते, ते का कापले गेले नाहीत काही कळत नाही!"

बाबांनी इकडेतिकडे बघितलं. मग माझ्या कानाशी वाकून, अतिशय समाधानाने म्हणाले, "ते मी थांबवले. परवा बँकेचा मेसेज आला. कुठलीतरी परदेशी कंपनी, नाव वाचताना शिंक यावी असं, आणि वर्षाचे पैसे एकदम कापणार म्हणे! तडक बँकेत गेलो आणि बंद करून आलो."

"बाबा!! मग मला सांगितलं का नाहीत?"

"गुप्त होतं."

मी तिथेच सतरंजीवर बसलो. शेजारचे गृहस्थ "श्श!" म्हणाले. मी त्यांना "श्श!" म्हणालो. बाबा जरा विरघळले असावेत. म्हणाले, "हे बघ, सांगणार मी नाही. नियम म्हणजे नियम. पण टाकायचाच असेल, तर माझ्या हाताने मी टाकीन."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? जिथे टाकायचाय तिथे!"

आणि बाबा उठले. कडक इस्त्रीचा झब्बा सावरत, आई गात असताना, भर कार्यक्रमात, स्टेजच्या पायऱ्या चढायला लागले. मी मागून, अजूनही अर्धवट वाकलेला. लोकांना वाटलं, पाडव्याला नवरा बायकोचा सत्कार करायला निघालाय. टाळ्या सुरू झाल्या! देवरे काका गडबडले. "हाई काय शे? हे कार्यक्रमपत्रिकेत नाही!" असं पुटपुटत ते धावले आणि पुण्याच्या मॅडमसाठी आणलेली शाल आणि गुच्छ त्यांनी बाबांच्या हातात कोंबला. बाबांनी गुच्छ माझ्याकडे दिला, शाल स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि टेबलाशी जाऊन बसले.

आई डोळे मिटून गात होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

बाबांनी खिशातून स्वतःचा मोबाईल काढला. मी डोकावलो तर त्यांनी शाल डोक्यावरून पुढे ओढली आणि त्या तंबूत बसून मेसेज वाचला. पहिला ओटीपी बाद झालेला होता. मी गुच्छ सांभाळत 'पुन्हा पाठवा' दाबलं. दुसरा आला. पुन्हा तंबू. मग शालीतून एक हात बाहेर आला आणि तर्जनीने एकेक आकडा दाबायला लागला. एक आकडा दाबायचा, आत जाऊन खात्री करायची, मग दुसरा. मी देवाचा धावा करत होतो. लवकर टाका बाबा, लवकर, तिचं गाणं संपायच्या आत तबला लागू दे!

लागला.

पण नवीन योजना सुरू झाली की अ‍ॅप सगळं मुळापासून सुरू करतं, हे मला कोणी सांगितलं होतं? काळी पाच गेली, भजनी ठेका गेला. पांढरी एकमध्ये, द्रुत तीनताल, पूर्ण आवाजात! धाधिंधिंधा धाधिंधिंधा! पणत्या थरथरल्या. आईचा आवाज त्या धबडग्यात बुडून गेला. आणि बाबा शालीतून डोकं बाहेर काढून विजयाने म्हणाले, "झालं! पैसे गेले!" नेमका माईक त्यांच्या तोंडासमोर होता.

मी आवाज कमी करायला झेप घेतली. एका हातात गुच्छ. पाय वायरीत. मी, टेबल, गुच्छ आणि वायर असे एकदम खाली आलो, आणि वायरीबरोबर सगळंच बंद पडलं. तबला, तानपुरा, माईक, वरचे दिवे. एकाएकी इतकी शांतता झाली, की पलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्याची किटली वाजलेली ऐकू आली.

उजाडायला लागलं होतं. मी स्टेजवर उताणा. आणि त्या शांततेत, माईक नाही, तबला नाही, काही नाही, आईने अभंगाची शेवटची ओळ म्हटली. मांडीवर हाताने ठेका धरून, अगदी सावकाश, पुन्हा पुन्हा. तिचा आवाज थोडा कापत होता, पण तो बागेच्या कुंपणापर्यंत जात होता. मी आईचं गाणं जन्मापासून घरात ऐकत आलोय. पण असा गप्प पडून ते कधी ऐकलं नव्हतं. मला उठवेना. खरं सांगायचं तर मला रडू आलं, आणि लोकांना वाटलं पायाला लागलं म्हणून.

टाळ्या थांबेनात. पुण्याच्या मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी आईच्या पायांना हात लावला. बायका आईभोवती जमल्या. आणि जो तो माझ्यापाशी येऊन तेच म्हणत होता, "तबला गेल्यावर मधे जे गायल्या ना तुमच्या आई, बिनसाथीचं, अंगावर काटा आला हो! तुम्ही ऐकलंत ना?"

मी काय सांगणार? सगळ्या कॉलनीने ऐकलं. फक्त तिच्या मुलाने आणि नवऱ्याने ऐकलं नाही. आम्ही ओटीपीत होतो.

घरी आल्यावर पाडव्याचं औक्षण. बाबा पाटावर बसले, आई ताम्हण घेऊन समोर उभी राहिली आणि ओवाळेचना.

"आधी सांगा, ओटीपी काय होता?" आई म्हणाली.

बाबांनी ताम्हणाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "नाही सांगता येत."

"मुदत संपली ना त्याची?"

"तरीही."

आईने कपाळाला हात लावला आणि मग हसत हसत ओवाळलं. वैशाली तर हसून हसून खाली बसली. मला मात्र हसू येत नव्हतं. वर्षाचे पैसे गेले होते, त्याचं दुःख होतंच, पण आईचा तो घाबरलेला चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मी तिच्या खोलीत गेलो. म्हणालो, "आई, चुकलं माझं. हे अ‍ॅप आता बास. मी उद्याच त्र्यंबकला जातो आणि तुझी पेटी परत आणतो. एकदा बटण दाबलं की वाजतेय, ना पासवर्ड, ना भाडं."

"नको," आई म्हणाली.

"अगं, असं काय करतेस? दर महिन्याला ही कटकट! आज कसली फजिती झाली बघितलंस ना?"

आई गजरा काढून ठेवत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ती पेटी या खोलीत वीसेक वर्षं होती. कधी बंद पडली नाही. आणि तू कधी आत आला नाहीस."

मला पटकन काही कळलं नाही.

"हे मेलं सारखं बंद पडतं," ती म्हणाली, "म्हणून येऊन बसतोस तरी. राहू दे. चहा ठेवू का?"

मी चहा घेतला. तो संपल्यावर अजून एक कप मागितला.

पेटी त्र्यंबकलाच आहे. परवा संध्याकाळी मी कारखान्यातून आलो, तर आईची हाक आली, "सुनील, हे बघ रे, परत काहीतरी म्हणतंय." मी गेलो, पलंगावर बसलो, चष्मा लावला आणि बघितलं. काही म्हणत नव्हतं. वर्षाचे पैसे भरलेले, काळी पाच लागलेली, भजनी ठेका तय्यार. आईकडे बघितलं, तर ती चहाचं आधण ठेवायला निघाली होती. मी म्हणालो, "हो गं, जरा गडबड दिसतेय," आणि अर्धा तास ते दुरुस्त करत बसलो.

आता खरंच बंद पडलंय!